सूर पक्का होईपर्यंत गप्प बसायचं?

पंक म्हणजे शहरी पोरांचे चोचले, असं आमच्या बीडमध्ये ऐकवलं जातं. मला हे मान्य नाही. न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’चा पहिला अल्बम १९७६ साली आला. १४ गाणी, जेमतेम २९ मिनिटं, खर्च सुमारे ६,४०० डॉलर. मोजके कॉर्ड, लांबलचक सोलो नाहीत. क्वीन्समधल्या त्या पोरांनी उस्ताद व्हायची वाट पाहिली नाही.

आपल्याकडे त्याच्याही चार वर्षं आधी, १९७२ मध्ये, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. पहिलाच संग्रह. शुद्ध मराठीची परवानगी त्यानंही मागितली नव्हती. मग पंक आपल्याला परका कसा?

दरवर्षी बीडमधून लाखो मजूर ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल फेडता फेडता हंगाम सरतो. त्यांच्या घरातल्या पोरांनी गिटार धरली, की आपण सांगतो: आधी सूर पक्का करा, भाषा सुधारा, पुण्यात स्टुडिओ बघा. म्हणजे तोवर गप्प बसा!

पोरांनो, बसू नका. पहिला अल्बम आपल्याच बोलीत करा. जरा बेसूर झाला तरी मी आधी तोच ऐकेन.