मालमोटारीचा वेग कोण ठरवतो?

महामार्गावर अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एक ठराविक वाक्य हमखास वाचावयास मिळते : भरधाव ट्रकने धडक दिली. ट्रक भरधाव का होता, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात सर्व प्रकारच्या वाहनांचे मिळून ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण 'अतिवेग' असे नोंदले गेले. नोंद खरीच आहे. पण ट्रकच्या बाबतीत अतिवेग हे मूळ कारण आहे, की दुसऱ्याच कारणाचा तो परिणाम आहे?

शास्त्रापुरता येथे वाद नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि भरलेल्या गाडीची गतिज ऊर्जाही त्याच प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरवरून ८० वर गेले की वेग एक तृतीयांशाने वाढतो. पण हवेचा विरोध आणि ब्रेकने जिरवावयाची ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एकच सेकंद गेला, तरी ६० च्या वेगात गाडी सुमारे १७ मीटर आणि ८० च्या वेगात २२ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे सपाट रस्त्यावर संथ आणि एकसारखा वेग डिझेलही वाचवतो व प्राणही. चालकाला हे शिकवावे लागत नाही. कोणत्या गिअरला, कोणत्या वेगाला गाडी चांगले 'ॲव्हरेज' देते, हे तो इंजिनाच्या आवाजावरून ओळखतो. मग तो तसे चालवीत का नाही?

उत्तर रस्त्यावरच मोजून पाहता येते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. ताशी ८० च्या वेगाने, कोठेही न थांबता, हे अंतर कापावयास पावणेनऊ तास लागतात. ६० च्या वेगाने जवळजवळ पावणेबारा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने कामाचा दिवस आठ तासांचा आणि लांब पल्ल्याच्या मार्गांवर फार तर दहा तासांचा ठरविला होता. याचा अर्थ सरळ आहे. सुरक्षित आणि काटकसरीच्या वेगाने ही खेप एका चालकाकडून कायद्याच्या तासांत पुरी होऊच शकत नाही. त्यासाठी दुसरा चालक हवा, नाहीतर दुसरा दिवस हवा. दोहोंचा खर्च मालकाने अथवा माल पाठवणाऱ्याने सोसला पाहिजे. तो कोणी सोसत नाही, म्हणून तो चालकाच्या झोपेतून वसूल होतो.

केंद्र सरकारने या बाबतीत काय केले? राष्ट्रीय परवान्याच्या मालमोटारीवर दोन चालक असण्याची अट २०१८ साली काढून टाकण्यात आली. १९६१ चा कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. एकदोन गाड्यांच्या मालकांनी भरलेल्या या धंद्यातील असंख्य चालक तेव्हाच त्याच्या कक्षेबाहेर होते. तो कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन केला गेला, नोव्हेंबर २०२५ मध्ये ही संहिता अमलात आली, आणि तिने मोटार वाहतूक आस्थापनांसाठी पाचाची मर्यादा दहावर नेऊन ठेवली. १ ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या मालमोटारींना ८० किलोमीटरची मर्यादा घालणारे यंत्र सक्तीचे झाले, हे योग्यच झाले. पण यंत्र वेगाला कुलूप घालते, घाईला घालू शकत नाही. गोदामाच्या दारात माल भरण्या-उतरविण्याच्या रांगेत गेलेले तास चालकाच्या हिशेबात धरले जात नाहीत. ते त्याला रात्री रस्त्यावरच भरून काढावे लागतात.

दुसरी बाजू डिझेलची. अनेक ठिकाणी मालक किलोमीटरच्या हिशेबाने डिझेल मोजून देतो. जास्त लागले तर चालकाच्या पैशातून कापतो, वाचले तर ते चालकाचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि मे २०२० मध्ये त्यावरील केंद्रीय अबकारी कर लिटरमागे ३१ रुपये ८३ पैशांवर गेला. पुढे तो कमी करण्यात आला. पण भाववाढीचा बोजा वरून खाली ढकलण्याची रीत गेली नाही. एकीकडे खेप लवकर पोचवा आणि दुसरीकडे डिझेल वाचवा, अशा दुहेरी चिमट्यात सापडलेला चालक चढावर गेलेला वेळ आणि डिझेल उतारावर परत मिळवू पाहतो. तो गाडी न्यूट्रलवर टाकतो, प्रसंगी इंजिनच बंद करतो. येथे मात्र काटकसर आणि सुरक्षितता यांची फारकत होते. गिअरमधून गाडी काढली की इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो. इंजिन बंद केले की ब्रेकसाठी लागणारी हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. डिझेल वाचविण्यासाठी इंजिन बंद केले असावे, असे पोलिसांनी प्राथमिक चौकशीनंतर सांगितले. वाचणारे डिझेल किती, आणि पणाला लागलेले प्राण किती!

अमेरिकेतील अनुभवही बोलका आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर जानेवारी १९७४ मध्ये तेथे ताशी ५५ मैलांची देशव्यापी मर्यादा घालण्यात आली. इंधन वाचविण्याचा हेतू योग्य होता. पण मैलांवर कमाई असलेल्या स्वतंत्र ट्रकचालकांचे डिझेल महागले आणि मैल घटले. भाडे मात्र वाढले नाही. त्यांनी महामार्ग अडविले, गाड्या उभ्या केल्या. वेग कमी करण्याची किंमत कोणी द्यायची, हे न ठरविता केलेली काटकसर कष्टकऱ्याच्याच माथी येते, हा त्यातील धडा आहे.

आपल्याकडे सरकारचा हात चालकासाठी उठतो तो शिक्षा देण्यापुरता. अपघाताची खबर न देता निघून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद न्यायसंहितेत होताच जानेवारी २०२४ मध्ये देशभर चाके थांबली, आणि सरकारला ते पोटकलम स्थगित ठेवणे भाग पडले. ती एकजूट आता तुरुंगाच्या भीतीपुरती न राहता कामाच्या अटींकडे वळली पाहिजे. खेपेऐवजी मासिक वेतन. गोदामातील प्रतीक्षेचे तास कामाचे तास म्हणून मोजणे. लांब पल्ल्यावर दुसरा चालक. गाड्यांच्या संख्येची अट न घालता प्रत्येक चालकाला तासांचे संरक्षण. महामार्गावर झोपण्याची सुरक्षित जागा. डिझेलच्या तुटीची कपात बंद, या त्या मागण्या होत. त्याचबरोबर संघटनांनी आपल्या सभासदांना स्पष्ट बजावले पाहिजे, की उतारावर इंजिन बंद करून वाचविलेला एक रुपयाही हक्काची कमाई नव्हे.

ॲक्सिलरेटरवर पाय चालकाचा असतो. पण त्या पायावरचा भार दुसऱ्याचा असतो. तो भार उतरल्याशिवाय 'वेग आवरा' असे फलक कितीही लावले, तरी महामार्गावरील मृत्यूंची संख्या आवरणार नाही.