फळी हलते, माणूस हलत नाही

आमच्या निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले काही महिने एकच व्हिडिओ फिरतो आहे. एक गृहस्थ थरथरणाऱ्या फळीवर हाताची घडी घालून उभे आहेत आणि खाली लिहिले आहे, दहा मिनिटे उभे राहा, तासभर धावल्याचा फायदा घ्या. हाडे मजबूत, गुडघेदुखी गायब, पोट सपाट! या फळीचे नाव व्हायब्रेशन प्लेट. किंमत हवालदाराच्या महिन्याच्या पेन्शनच्या आसपास. माझ्या ओळखीच्या तिघांनी ती घेतली. त्यातले दोघे रणगाड्याचे ड्रायव्हर होते, म्हणून बबिन्यातून हे लिहायला बसलो.

फळीच्या बाजूने जे खरे आहे ते आधी सांगतो, कारण तिला सरसकट थोतांड म्हणणेही बरोबर नाही. ती सेकंदाला साधारण २० ते ५० वेळा हलते. प्रत्येक हादऱ्याला स्नायू किंचित ताणला जातो आणि आपोआप आखडतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, त्याच जातीची ही प्रतिक्रिया. बेल्जियममधल्या ल्युव्हेनचा २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. व्यायामाची सवय नसलेल्या तरुण मुलींनी बारा आठवडे फळीवर सराव केला आणि त्यांच्या मांड्यांची ताकद सुमारे १६ टक्के वाढली. काही मुलींना नावापुरती हलणारी फळी दिली होती, त्यांची वाढली नाही. म्हणजे हादऱ्यात काहीतरी आहे.

आता व्हिडिओ जे सांगत नाही ते. त्याच अभ्यासात ज्या मुलींनी जिममध्ये साधी वजने वापरली, त्यांचीही ताकद सुमारे १४ टक्के वाढली. जवळपास तेवढीच! आणि फळीवरच्या मुली हाताची घडी घालून उभ्या नव्हत्या. त्या बैठका काढत होत्या, पाय पुढे टाकून गुडघे वाकवत होत्या. विक्रेत्याने बैठका गाळल्या आणि फळी तेवढी ठेवली. आमच्या सातारा-कोल्हापूरकडच्या तालमीत हाच माल फळीशिवाय फुकट मिळतो.

हाडांचे दावे तर आणखी पोकळ. टोरंटोत पाळी थांबलेल्या २०२ महिलांवर चाचणी झाली. सौम्य हलणाऱ्या फळीवर रोज २० मिनिटे, पूर्ण एक वर्ष. २०११ साली निकाल आला की हाडांच्या घनतेत फरक नाही. अमेरिकेत वृद्धांवर अशीच चाचणी दोन वर्षांपर्यंत चालली, तिथेही फायदा दिसला नाही. ल्युव्हेनच्याच २००४ च्या दुसऱ्या अभ्यासात जोरदार फळीवर सहा महिने सराव केल्यावर खुब्याच्या हाडाची घनता वाढली, पण ती एक टक्क्याच्या आत. यावर कोणी ‘हाडे मजबूत’ अशी पाटी लावत असेल तर त्याला काय म्हणावे?

आणि जोरदार म्हणजे किती, तेही मोजून बघा. फळी सेकंदाला ३० वेळा, वर-खाली मिळून ४ मिलिमीटर हलत असेल तर तिचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या सातपट होतो. गुडघे वाकवलेले असतील तर पाय तो बराचसा गिळतात. गुडघे ताठ ठेवलेत की तो कंबरेमार्गे डोक्यापर्यंत जातो. व्हिडिओतल्या गृहस्थांचे गुडघे ताठ आहेत.

रणगाड्याच्या आणि ट्रकच्या ड्रायव्हरला हादरा म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला ४ ते ८ हादऱ्यांना सर्वांत जास्त डोलतो, आणि खडबडीत रस्त्यावरची गाडी नेमकी त्याच पट्ट्यात हादरवते. युरोपात २००२ च्या निर्देशाने कामगाराच्या शरीराला आठ तासांत किती कंपन सोसू द्यायचे याची मर्यादा घातली आहे, कारण त्याचा शेवट कंबरेच्या दुखण्यात होतो. फळीचे हादरे वेगळ्या जातीचे आणि थोडा वेळ असतात, हा विक्रेत्याचा बचाव मला मान्य आहे. पण त्याचे गिऱ्हाईक कोण? वीस-वीस वर्षे गाडीत हाडे खिळखिळी करून, लो मेडिकल कॅटेगरीचा शिक्का घेऊन घरी आलेला माणूस. त्याच्या कंबरेचा एक्स-रे बघितल्याशिवाय त्याला फळीवर चढवणे हा धंदा नाही, बेफिकिरी आहे.

मला जास्त राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. पलटणीत पहाटे शिट्टी वाजते, पीटीचा उस्ताद मैदानात उभा असतो, आमच्या वेळी बीपीईटीला पाठीवर बोजा घेऊन पाच किलोमीटर धावावेच लागायचे. चाळिशीच्या आसपास माणूस घरी येतो आणि शिट्टी बंद होते. दोन वर्षांत पोट सुटते, मग साखर, मग बीपी. त्या रिकाम्या पहाटेत ही फळी विकली जाते. चालणाऱ्याला घराबाहेर पडावे लागते, लोक भेटतात, दम लागतो, हृदयाला काम पडते. फळीवर उभे राहून दम लागत नाही, तरी व्यायाम झाल्याचे समाधान मिळते. चरबी उतरवायला तर ती अगदीच दुबळी आहे.

ज्यांनी घेतलीच आहे त्यांनी ती फेकू नये. गुडघे वाकवून, समोरची दांडी धरून, मिनिटभर बैठका काढाव्यात, मग तेवढाच आराम घ्यावा. वजन उचलता न येणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्यांना पायांच्या ताकदीसाठी ती कामी येऊ शकते, शेजारी कोणी उभे असेल तर. मणक्यातली गादी सरकलेली असेल, हाडात स्क्रू-पट्टी असेल, पेसमेकर असेल, पायात रक्ताची गुठळी झालेली असेल किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल, तर आधी ईसीएचएसच्या डॉक्टरांना कागद दाखवा आणि तोवर फळीची वायर काढून ठेवा.