झोडणीनंतरचा खांदा

कार्तिकात भाताची कापणी उरकून खळी सारवली गेली की भोरच्या हिरडस मावळापासून तोरण्याच्या पायथ्याच्या कानद खोऱ्यापर्यंत पहाटेच एक नाद घुमू लागतो. फळीवर आपटल्या जाणाऱ्या पेंढ्यांचा तो नाद लहानपणी मला उत्सवासारखा वाटे, आणि आज तोच ऐकताना प्रत्येक आघातापूर्वी वर उचलला जाणारा खांदा तेवढा डोळ्यांसमोर उभा राहतो.

याला कारण माझी मामी. गेल्या मार्गशीर्षात तिचा उजवा हात वेणी घालण्याइतकाही वर जाईना, त्या कुशीवर निजता येईना, आणि मध्यरात्री ठणक्याने जागी होऊन ती उंबऱ्याशी बसून राही. घरच्यांनी मात्र ‘खांदा भरून आलाय, वय झालं आता’ असा निवाडा देऊन प्रकरण दप्तरदाखल केले होते. तिने स्वतः तक्रार केली नाही, आणि ती न केलेली तक्रारच मला अजून जाचते.

फऱ्याच्या हाडाचा जो कंगोरा खांद्याच्या माथ्यावर पुढे येतो, ज्याला शारीरशास्त्रात अंसकूट म्हणतात, तो दंडाच्या हाडावर छपरासारखा असतो. त्या छपराखालून हात उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरा जातात, आणि हाड व कंडरा यांचे घर्षण होऊ नये म्हणून निसर्गाने मध्ये किंचित स्निग्ध द्रवाची एक चपटी पिशवी योजली आहे. डॉक्टर तिला बर्सा म्हणतात. मुळातच अरुंद असलेल्या त्या जागेत, हात खांद्याच्या वर नेऊन तेच काम दिवसचे दिवस केले की ती पिशवी चेपते, सुजते, जाड होते, आणि हात बाजूने उचलताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात कळ सर्वाधिक उठते. आता आपल्या खोऱ्यातील कामे आठवावीत: राबासाठी झाडावर चढून कवळ तोडणे, झोडणी, आणि मग वाऱ्याच्या दिशेने सूप उंच धरून उफणणी. वयाच्या माथी मारलेले हे दुखणे पुष्कळदा कामाचे असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

इलाजात दोन चुका सर्रास होतात. एक, सुजलेला खांदा जोराने चोळून घेणे. दुसरी, आणि अधिक घातक, हात आठवडेच्या आठवडे गळ्यात बांधून ठेवणे, कारण न हलणारा खांदा आखडतो आणि मधुमेह असलेल्याचा तर फार लवकर आखडतो. हात वर नेण्याची कामे काही आठवडे बंद, खालची हलकी कामे चालू, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहापंधरा मिनिटे, निजताना दुसरी कूस आणि दुखऱ्या हाताखाली उशी, एवढ्यानेच पुष्कळांना उतार पडतो. सूज उतरवणाऱ्या गोळ्या पोटाला व मूत्रपिंडाला बाधू शकतात, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. सांध्याजवळ दिलेल्या स्टेरॉईडच्या सुईने आराम वाटतो, परंतु ती वारंवार घेतल्यास कंडरा दुबळी होण्याची भीती असते. बोस्टनचे शल्यचिकित्सक कॉडमन यांनी १९३४ साली खांद्यावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला; ओणवे होऊन, चांगला हात मेजावर टेकवून दुखरा हात लंबकासारखा सैल झुलवण्याचा व्यायाम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मात्र खांदा लाल व गरम होऊन ताप आला, किंवा पडल्यानंतर हात एकाएकी उचलेनासा झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि डाव्या खांद्याच्या कळेबरोबर छातीवर दडपण व घाम असेल, तर ते खांद्याचे दुखणे नव्हे, हृदयाचे समजून क्षणभरही थांबू नये.

मामीला मी एस.टी.ने भोरला नेले. तपासणाऱ्या डॉक्टरांनी हात धरून हळूहळू वर नेला, ती जिथे कळवळली तिथे थांबले, आणि ‘किती दिवस सोसलंत, मावशी?’ एवढेच विचारले. तिने उत्तर दिले नाही; डोळे पुसले.

सवादोन महिने ती ओट्यावर, पाटाच्या कडेला डावा हात टेकून, उजवा हात झुलवीत असे, आणि नातवंडे शेजारी उभी राहून आकडे मोजत. यंदा धाकट्या मामांनी झोडणीसाठी पायाने फिरवायचे मळणीयंत्र भाड्याने आणले. परसातली कपडे वाळत घालण्याची दोरी मात्र, कोणी न सांगता, थोरल्या नातीने हातभर खाली बांधली.