सिस्टरला सुई टोचली, नोंद कुठे आहे?

मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि मुंबई-गोवा हायवे, दोन्ही पनवेलजवळून निघतात. त्यामुळे इथल्या कॅज्युअल्टीला रात्र अशी नसतेच. सरकारी उपजिल्हा रुग्णालयापासून गल्लीतल्या नर्सिंग होमपर्यंत ड्युटी करणाऱ्यांत पनवेल, तळोजा, उरणच्या आपल्या घरांतल्या मुलीही आहेत.

घरी आल्यावर मुलगी म्हणते, पाय दुखतायत. डोक्याचं ओझं मात्र ती सांगत नाही. कुणाचं सलाईन संपत आलंय, कुणाला इन्सुलिन द्यायचंय, कुणाचा रिपोर्ट डॉक्टरांना कळवायचाय, हे सगळं एकाच वेळी लक्षात ठेवायचं, आणि त्यातच नातेवाईक भांडायला उभे. नेमकं त्याच घाईत वापरलेल्या सुईला परत टोपण लावताना सुई बोटात जाते. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत आयसीयूत एका रुग्णामागे एक नर्स आहे, शिक्षण-रुग्णालयाच्या वॉर्डात तिघांमागे एक. रात्री एखाद्या वॉर्डात जाऊन स्वतःच मोजून बघा.

टोचलं की बहुतेक मुली हात धुतात आणि गप्प बसतात. ‘तुझीच चूक’ असं ऐकावं लागेल, ही भीती. कंत्राटी असेल तर नोकरीचीही. 2022 च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी नर्सेस संपावर गेल्या, त्या याच बाहेरच्या एजन्सीमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध.

गप्प बसणं महागात पडतं. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर धोका साधारण हजारात तीन. पण हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नसेल, तर त्याचा धोका शंभरात तीसपर्यंत जातो. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवीत, 72 तासांनंतर उपयोग नाही. आणि आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे. कितीतरी मुली दोन-तीन वर्षांचा अनुभव घेऊन सौदी, कुवेतला जायचं स्वप्न बघतात. तिथल्या मेडिकलमध्ये हिपॅटायटिस बी किंवा सी निघाला की अनफिट. तेव्हा हे ड्युटीवर झालं, असं कितीही सांगितलं तरी कागद कुठे आहे?

खरं तर 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, वर्षातून एकदा त्यांची तपासणी करणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. छोट्या नर्सिंग होमलाही ती लागू आहे. ईएसआयमध्ये नाव असेल तर कामावरच्या दुखापतीचे उपचार आणि रजेच्या काळातले पैसे मिळू शकतात, पण त्यासाठी दुखापतीची नोंद लागते.

नर्सिंगला पाठवताना आपण फी विचारतो, हॉस्टेल विचारतो, नाईटला सोडायला-आणायला कोण जाणार तेही ठरवतो. पहिल्या नोकरीच्या वेळी अब्बू किंवा भाऊ सोबत जातोच, तेव्हा हेही विचारून घ्यावं: लसीचे तीन डोस कोण देणार, ईएसआय कापणार का, आणि रात्री दोन वाजता सुई टोचली तर मुलीने कुणाला फोन करायचा?