न ऐकलेली सतार

गेल्या महिन्यात आम्ही चौघे एका उपाहारगृहात जेवायला बसलो असता छतातून सतार झिरपत होती. राग यमन. अर्ध्या तासाने एकाच्या ते ध्यानी आले. तोवर काही वाजते आहे याचीच कोणाला जाणीव नव्हती. आमच्यातले दोघे तर दरवर्षी नेमाने 'सवाई'ला हजेरी लावणारे! प्रथम आम्हांला आमच्याच कानांची लाज वाटली. मागाहून उमगले की ऐकू न येणे हेच त्या सतारीचे काम होते.

एड्रियन नॉर्थ, डेव्हिड हारग्रीव्ह्ज व त्यांच्या सहकाऱ्याने इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केटात केलेला प्रयोग १९९७ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. किमतीने व गोडीने सारख्या अशा फ्रेंच आणि जर्मन वाइन शेजारी शेजारी मांडलेल्या. एक दिवस फ्रेंच अ‍ॅकॉर्डियन, दुसऱ्या दिवशी जर्मन बँड. फ्रेंच सूर चालू असताना फ्रेंच वाइनच्या ४० बाटल्या खपल्या, जर्मनच्या ८. जर्मन सूर लागताच जर्मन २२, फ्रेंच १२. येथवर गंमत आहे. परंतु प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या ४४ ग्राहकांपैकी संगीताचा प्रभाव कबूल केला तो अवघ्या ६ जणांनी. उरलेले खोटे बोलत नव्हते. आपली निवड आपणच केली अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आम्हांला अस्वस्थ करते ती ही प्रामाणिक समजूत.

त्याआधी १९८६ साली रोनाल्ड मिलिमन यांनी अमेरिकेतल्या एका रेस्टॉरंटात हेच पाहिले होते. संथ लयीचे संगीत असता मंडळी ४५ ऐवजी ५६ मिनिटे रेंगाळली. जेवणाचा खर्च जवळपास तेवढाच राहिला, मद्याचे बिल मात्र सुमारे २२ डॉलरांवरून ३० वर गेले.

यात बिघडले काय, गिऱ्हाईक खूश आणि मालकही खूश, असे कोणी म्हणेल. आग्रह तर आमच्या पंगतीतही होताच. वाढप चालू असता श्लोक म्हटले जात, पोराटोरांना म्हणायला लावीत, आणि पोटात तसूभर जागा नसता पानात जिलबी पडे. हा छळ आम्ही पुष्कळ सोसलेला असल्याने त्याचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. पण श्लोक कानी पडावा म्हणूनच म्हटला जाई, आणि आग्रह करणारा समोर वाकून उभा असे. पानावर आडवा हात धरता येई.

छतातल्या सतारीपुढे आडवा हात कसा धरावा? त्या दिवशी आवाज बंद करण्याची विनंती आम्ही वाढप्याला केली. तो सौजन्याने म्हणाला, "साहेब, ते आमच्या हातात नाही, वरून लागतं." मग आम्ही आणखी एकेक सोलकढी मागवली. ती मुळात कोणाला हवी होती, यावर घरी परतताना चौघांचे एकमत होईना.