कर्ण्याचा आवाज

मोटारीत बसून सिनेमा पाहण्याची टूम अमेरिकेत कॅमडेन शहरी १९३३ साली निघाली. कर्णे पडद्यापाशीच! शेजारी कावले ते वेगळेच. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. म्हणजे १७० मीटरवरच्या मोटारीत ओठ आधी हलणार, शब्द अर्ध्या सेकंदाने पोचणार.

आम्हां वऱ्हाडकरांना कर्ण्याचे हे प्रताप नवे नाहीत. अमरावतीकडे बहिरमच्या जत्रेत तिकिटाला पैसे नसले, की आम्ही पोरे तंबूबाहेर बैलगाडीत बसून सिनेमा नुसता ऐकत असू. ऑपरेटर अकोल्याचा, कर्णा बांबूवर. वारा फिरला की संवाद गडप! "काय म्हणे रे थो?" हा प्रश्न दर दोन मिनिटांनी.

अमेरिकेत पुढे प्रत्येक मोटारीपाशी छोटा कर्णा आला, मग रेडिओ. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०२१ साली निघालेल्या अशा चित्रगृहातही आवाज मोटारीच्या एफएम रेडिओवरच दिला.

जोडणी तशी सोपी. मात्र ॲम्प्लिफायरमधून कर्ण्याकडे जाणारी तार ट्रान्समीटरला लावू नये. तो जोर त्याला सोसत नाही. त्याआधीचा क्षीण आवाज घ्यावा. सरकारी परवानाही हवा. गंमत म्हणजे या लहरी कुंपण मानीत नाहीत. ज्याच्या खिशात रेडिओ, त्याला फुकट ऐकू येते.