विश्लेषण : फास्ट चार्जिंगमुळे मोबाइलची बॅटरी लवकर खराब होते का?

मोबाइलच्या जाहिरातीत आता कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलइतक्याच मोठ्या टायपात चार्जरचे वॉट झळकतात. ३३, ६७, ८०, १२० अशी ही चढाओढ सुरू आहे. एकेकाळी रात्रभर लावून ठेवावा लागणारा फोन आज आंघोळ-नाश्ता होईपर्यंत भरतो. ही सोय हवीहवीशी आहे, पण ‘एवढ्या जोरात वीज भरली तर बॅटरी वर्षभरात बसेल’ ही धास्तीही तितकीच पसरलेली आहे. या भीतीत तथ्य किती आणि बॅटरीचा खरा शत्रू कोण, याचा हा आढावा.

चार्जिंगचा वेग किती वाढला?

सुरुवातीच्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॉट मिळत. आयफोनच्या खोक्यात अनेक वर्षे ५ वॉटचाच चार्जर येत असे. २०१३ मध्ये क्वालकॉमने ‘क्विक चार्ज’ आणले, २०१४ मध्ये ओप्पोने ‘व्हूक’ आणले आणि शर्यत सुरू झाली. २०२१ मध्ये यूएसबी पॉवर डिलिव्हरी या सामायिक मानकाची कमाल मर्यादा २४० वॉट झाली. २०२३ मध्ये रिअलमीने तेवढ्याच क्षमतेचे चार्जिंग असलेला फोनही बाजारात आणला.

खोक्यावरचा आकडा पूर्ण वेळ मिळतो का?

नाही. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. कागदोपत्री ६७ वॉटच्या चार्जरने ती सतरा मिनिटांत भरायला हवी, पण प्रत्यक्षात पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. जाहिरातीतील आकडा हा कमाल वेग असतो आणि तो सुरुवातीची काही मिनिटेच टिकतो.

चार्जिंग होताना लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडमधून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. रिकाम्या एसटीत प्रवासी पटापट बसतात, पण गाडी भरत आली की जागा शोधायला वेळ लागतो, तसेच हे आहे. त्यामुळे बॅटरी भरत जाईल तसा फोन स्वतःच वीज कमी करत नेतो. शेवटचे २० टक्के रेंगाळतात ते याच कारणाने.

मग बॅटरी झिजते कशी?

प्रवाह फार जोराचा असेल, तर आयनांना थरांत शिरायला वेळ मिळत नाही आणि ते ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचतात. हे लिथियम पुन्हा पूर्णपणे वापरात येत नाही आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. बॅटरी खूप थंड असताना हा धोका अधिक असतो. दुसरे कारण उष्णतेचे. प्रवाह वाढला की बॅटरी तापते, आतील रासायनिक क्रिया वेग घेतात आणि इलेक्ट्रोडवरचा थर जाड होत जातो. म्हणजे फास्ट चार्जिंगची भीती अगदीच निराधार नाही. प्रश्न आहे तो कंपनीने हा धोका कसा हाताळला याचा.

कंपन्यांनी काय उपाय केले?

अनेक वेगवान फोनमध्ये एकाऐवजी दोन सेल असतात. १२० वॉटचा भार त्यांत विभागला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला ६० वॉटच येतात. काही पद्धतींत व्होल्टेज बदलण्याचे काम फोनऐवजी चार्जरमध्ये होते, त्यामुळे उष्णताही चार्जरमध्येच राहते. तापमान वाढले की वेग आपोआप उतरतो. १६०० चार्जिंग चक्रांनंतरही ८० टक्के क्षमता टिकते, असा दावा ओप्पोने २०२२ मध्ये १५० वॉटच्या तंत्रज्ञानाबाबत केला होता. अॅपल आयफोन १४ पर्यंतच्या फोनसाठी याच निकषावर ५०० चक्रांचा आकडा देते, तर आयफोन १५ पासून १००० चक्रांचा. म्हणजे वॉट जास्त तर आयुष्य कमी, असे सरळ गणित नाही.

खरा शत्रू कोण?

उष्णता. सभोवतालचे तापमान ३५ अंशांपेक्षा जास्त असल्यास बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असे अॅपल सांगते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. दुचाकीच्या हँडलला भर उन्हात फोन अडकवून, नकाशा सुरू ठेवून, पॉवर बँक जोडून दिवसभर फिरणाऱ्या डिलिव्हरी कामगाराच्या बॅटरीला घरातल्या ८० वॉटच्या चार्जरपेक्षा हे ऊन अधिक महागात पडते. त्याचा फोन बंद पडला की त्या दिवसाची कमाईही थांबते. दुसरे कारण म्हणजे बॅटरी तासन् तास १०० टक्क्यांवर ठेवणे किंवा वारंवार शून्यावर नेणे.

वापरकर्त्याने काय करावे?

शक्यतो २० ते ८० टक्क्यांदरम्यान चार्ज ठेवावा. अनेक फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सेटिंग आता असते. फोन उशीखाली किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर चार्ज करू नये आणि चार्जिंग सुरू असताना गेम खेळणे टाळावे. घाई नसेल तेव्हा, विशेषतः रात्री, कमी वॉटचा चार्जर पुरतो. जास्त वॉटचा प्रमाणित चार्जर लावल्याने फोन बिघडत नाही, कारण किती वीज घ्यायची हे फोन ठरवतो. खरा धोका असतो तो बनावट चार्जर आणि केबलचा. बॅटरी फुगलेली दिसली, तर चार्जिंग थांबवून ती सेवा केंद्रात बदलून घ्यावी.

ग्राहकाला माहिती कोण देणार?

युरोपीय महासंघाने २० जून २०२५ पासून नियम लागू केला आहे. त्यानुसार नव्या फोनच्या बॅटरीत ८०० चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता शिल्लक असली पाहिजे आणि चक्रांचा आकडा लेबलवर छापला पाहिजे. रोज एक चक्र धरले, तर हा दोन वर्षांहून अधिक काळ होतो. भारतात मोबाइलच्या बॅटरी आणि चार्जरसाठी बीआयएस नोंदणी सक्तीची आहे, पण ती सुरक्षिततेबाबत असते. बॅटरी किती टिकेल, हे त्यातून कळत नाही.

हप्त्यावर फोन घेणाऱ्याला तो किती मिनिटांत भरतो हे ठळक अक्षरांत सांगितले जाते. हप्ते फिटेपर्यंत बॅटरी तग धरेल का, याचे उत्तर खोक्यावर क्वचितच सापडते. कंपन्या प्रयोगशाळेत चक्रे मोजतातच, तेव्हा तो आकडा वॉटच्या शेजारी छापणे त्यांना अवघड नाही. तशी सक्ती होईपर्यंत फोन घेताना ‘किती वॉट’ याबरोबर ‘किती चक्रे’ हेही दुकानदाराला विचारायला हवे.